सरपंचीणबाई की सरपंच?

आज थोडं शब्दांवर बोलू. विषय साधा वाटेल, पण तो आपल्या सहीपर्यंत येतो.

आमच्या गटातली एक ताई सरपंच झाली. तिच्यासोबत मी एका कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, "या सरपंचीणबाई. सरपंच नाही आले?" ताई म्हणाली, "साहेब, मीच सरपंच." साहेब हसले आणि खुर्ची मात्र तिच्या नवऱ्यासाठी ठेवली.

चूक एकट्या साहेबांची नाही. आपल्याकडं पाटलाची बायको पाटलीण, देशमुखाची देशमुखीण. मान तिला मिळायचा, पण वतन त्याचं. म्हणून 'ईण' ऐकलं की लोक नवरा शोधतात.

दूरदेशीही असंच आहे. रोमच्या जुन्या लॅटिन भाषेतून स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन या भाषा निघाल्या. लॅटिनमध्ये 'दुक्स' म्हणजे पुढारी. त्यावरून स्पॅनिशमध्ये मोठा सरदार 'दुके' आणि बाई 'दुकेसा'. आता ही दुकेसा सरदाराची बायको की स्वतःच्या हक्कानं पदवी असलेली? शब्दावरून कळत नाही. स्पेनमध्ये थोरली बहीण असली तरी पदवी धाकट्या भावाकडं जायची. 2006 साली कायदा झाला, तेव्हा मुलगा-मुलगी सारखे ठरले. तिथं 'आल्काल्देसा' म्हणजेही आधी नगराध्यक्षाची बायको. आता बाया स्वतः निवडून येतात, तर तोच शब्द नगराध्यक्ष बाईचा झाला.

लॅटिनमधला आणखी एक शब्द 'दोमिना', म्हणजे घरची धनीण. त्याचं पोर्तुगीजमध्ये 'दोना' झालं. गोव्यात पणजीजवळचं दोना पावला तुम्ही ऐकलं असेल. त्यातलं 'दोना' ते हेच.

आपली 'मास्तरीण' आठवा. आधी ती मास्तरांची बायको होती. बाया शाळेत शिकवू लागल्या, तशी मास्तरीण म्हणजे शिकवणारी बाई झाली. अर्थ बाईच्या कामानं बदलला.

महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. खुर्ची कायद्यानं दिली, पण शब्दाचा अर्थ आपल्यालाच बदलायचा आहे. म्हणून तीन गोष्टी करा. ठराव वाचल्याशिवाय सही करू नका. ग्रामसभेआधीच्या महिला सभेला जा आणि तिथं बोला. आणि आपल्या सरपंच ताईला हाक मारताना 'सरपंच' म्हणा, नवऱ्याला त्याच्या नावानं बोलवा.

आमची ताई आता कार्यालयात गेली की आधी खुर्चीवर बसते आणि मग बोलते.