रस्ता सोडणारे वाहन

३ मार्च २०१३ रोजी पहाटे कोलकात्यातील उल्टाडांगा उड्डाणपुलाच्या वळणावर एक मालवाहू ट्रक कठड्यावर आदळला आणि पुलाचा एक गाळा त्या ट्रकसह खालच्या केष्टोपूर कालव्यात कोसळला. पूल वाहतुकीस खुला होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ट्रकमधील तिघे जखमी झाले. वेळ पहाटेची नसती, तर हानी कितीतरी मोठी झाली असती. गाळा का निसटला हा पुलाच्या रचनेचा प्रश्न होय. आपल्यापुढील प्रश्न त्याच्या आधीचा आहे. वाहन रस्ता सोडून कठड्यापर्यंत जाते कसे, आणि गेल्यास त्याचे काय व्हावे?

अशा अपघातात चालकाला दोष देणे सोपे असते आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु थकवा, झोप, पाऊस, समोर अचानक आलेला पादचारी ही कारणे कधीच पूर्णपणे नाहीशी होणार नाहीत. म्हणून रस्ता-अभियंता चूक होणारच असे गृहीत धरतो आणि चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी व्यवस्था करू पाहतो. या व्यवस्थेच्या तीन पायऱ्या आहेत व त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम वाहन रस्त्यावरच राहावे. ते उतरलेच तर त्याला सावरण्यास जागा मिळावी. आणि जागा नसेल तर कठड्याने त्याला अडवावे.

पहिल्या पायरीचे मर्म वळणात आहे. वळणावर वाहनाला बाहेर जाण्यापासून रोखते ते टायर व रस्ता यांमधील घर्षण, आणि रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवून दिलेला आडवा उतार. वेग वाढला की लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेगाने गेल्यास ते सव्वादोन पट होते. १०० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार घर्षणाचा गुणक ०.१५ आणि आडवा उतार १०० ला ७ धरला, तर या वळणाचा सुरक्षित वेग ताशी सुमारे ५३ किलोमीटर येतो. मोकळ्या, सरळ पुलावरून रात्री ७०-८० च्या वेगाने येणाऱ्या चालकाला हे गणित दिसत नाही. ते त्याला दाखवावे लागते. वळणाच्या बाहेरच्या कडेला चमकणारे बाणांचे फलक, रुंद पांढरी कडरेषा, आणि कडेवरून चाक जाताच गाडी थरथरून चालक जागा होईल असे खाचांचे पट्टे ही त्याची स्वस्त व परिणामकारक साधने आहेत.

कोलकात्याच्या पावसामुळे येथे आणखी एक अडचण उद्भवते. साचलेल्या पाण्याने डांबरी रस्ते उखडतात, म्हणून शहरातील अनेक रस्त्यांवर मॅस्टिक अस्फाल्टचा थर दिलेला आहे. त्यात पाणी शिरत नाही. पण तो गुळगुळीत असल्यामुळे ओला झाला की टायरची पकड सुटते. यासाठी थर गरम असतानाच त्यात डांबर लावलेली खडी दाबून बसवतात. ही खडी झिजली की रस्ता दिसायला चांगला, पण चालवायला धोक्याचा होतो.

दुसरी पायरी मोकळ्या जागेची. अमेरिकेत मिशिगन राज्यातील एका मोटार कंपनीच्या चाचणी-मैदानावर रस्ता सोडलेल्या गाड्यांचा अभ्यास झाला. त्यांपैकी सुमारे ८० टक्के गाड्या कडेपासून ९ मीटरच्या आत थांबल्या होत्या. यावरून १९६०च्या दशकात एक कल्पना रूढ झाली: रस्त्याच्या कडेला झाड, खांब, खड्डा नसलेला सपाट पट्टा ठेवावा, आणि भरावाचा उतार चारास एक किंवा त्याहून सौम्य असावा.

कोलकात्याच्या पूर्वेस मात्र हा पट्टा आणावा कोठून? तेथील जमीन हुगळीच्या काठापासून पूर्वेकडे उतरत जाते. म्हणून शहराचे सांडपाणी वाहून नेणारे कालवे पूर्वेकडे वळवलेले आहेत. व्ही. आय. पी. रोड, बासंती महामार्ग यांसारखे रस्ते लांबवर या कालव्यांच्या सोबतीने जातात. कडेपासून पाणी काही पावलांवर असते आणि वाहन उलटले की आतील माणसे बुडण्याचा धोका असतो. येथे दुसरी पायरी जवळजवळ नाहीच.

उरते ती तिसरी, कठड्याची. कठडा हाही एक अडथळाच आहे, हे येथे विसरता कामा नये. त्यावर आदळणे हे पाण्यात पडण्यापेक्षा कमी घातक असेल, तेथेच तो उभारावा. पन्हळी लोखंडी कठडा वाकतो, त्याचे खांब कलतात आणि धडकेचा जोर पसरतो. त्यासाठी मागे त्याला सरकण्यापुरती घट्ट जमीन लागते. जेथे एवढीही जागा नाही, तेथे काँक्रीटचा. लोखंडी कठड्याचे उघडे टोक भाल्यासारखे गाडीत घुसते, म्हणून ते वळवून जमिनीच्या बांधात पुरावे किंवा त्यावर धडक शोषणारे टोक बसवावे. उड्डाणपूल दुभंगतो त्या नाकाशी वाळूने भरलेली प्लास्टिकची पिंपे ठेवण्याची युक्ती अमेरिकन शर्यतपटू जॉन फिच यांनी काढली. कमी उंचीचा कठडा मोटार अडवतो. परंतु दुचाकीस्वार त्यावरून खाली फेकला जाऊ शकतो. ज्या शहरात दुचाकी हजारोंनी धावतात, तेथे पुलाच्या कठड्याची उंची त्यांचा विचार करूनच ठरवली पाहिजे.

सारांश, जागेची उणीव असलेल्या शहरात पहिल्या व तिसऱ्या पायरीवर दुप्पट भार पडतो. वळणावरचा वेग आधीच कमी व्हावा आणि कठडा अखंड असावा, या दोन्ही गोष्टी तेथे अनिवार्य ठरतात. एका धडकेने तुटलेला व महिनोन्‌महिने तसाच राहिलेला कठडा पुढच्या वाहनासाठी कालव्याकडे उघडलेले दारच असते. तो त्वरित दुरुस्त करणे हेदेखील अभियांत्रिकीचेच काम होय.