घर घेतले, दुरुस्ती केव्हा काढावी?

व्यापारी बंधूंनो, जुने घर विकत घेतले की दस्त नोंदणीची शाई वाळायच्या आत घरात गवंडी, सुतार, रंगारी उभे राहतात. सगळे एकदाच उरकून घ्यावे, असे प्रत्येकाला वाटते. आम्हालाही वाटले होते आणि त्याची किंमत आम्ही मोजली.

२०१६ च्या मार्चमध्ये भिवंडीत आम्ही खाली गाळा, वर राहत्या खोल्या असे जुने घर घेतले. त्या वर्षी रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात होता. चांद दिसण्यापूर्वी घर तयार पाहिजे, असा घरच्यांचा आग्रह. एप्रिल-मे दोन महिन्यांत लाद्या बदलल्या, पीओपीचे छत केले, रंग दिला. पैसा कुठून आला? ईदच्या मालासाठी राखून ठेवलेल्या भांडवलातून. नेहमी रोखीने उचलतो तो माल उधारीवर घ्यावा लागला आणि मीटरमागे भाव जास्त लागला. जूनअखेर पाऊस लागला तेव्हा स्लॅब गळू लागला. पीओपी फुगले, पंख्याच्या वायरीत पाणी उतरले. पाऊस सरल्यावर ते छत काढून टाकले, वर कोबा केला आणि खाली पुन्हा रंग दिला. एकाच कामाचे पैसे दोनदा गेले.

या तजुर्ब्यावरून सांगतो. राहायला जाण्यापूर्वी एवढीच कामे काढावीत ज्यांत जिवाचा धोका आहे किंवा ज्यांत भिंती-जमीन फोडावी लागते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील इमारत कोसळून अनेक जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर महापालिका कायद्यानुसार स्ट्रक्चरल ऑडिट करावेच लागते. ते हातात येईपर्यंत एक वीटही काढू नये. हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत पाडणारे आम्ही पाहिले आहेत. ती भिंत वजन पेलते की नाही हे मिस्त्रीला नव्हे, इंजिनियरला विचारावे. त्यानंतर वायरिंग. जुन्या घरात अर्थिंग बहुधा नसतेच. वायरिंग आणि पाण्याचे पाइप भिंतीच्या आतून न्यायचे तर ते गिलाव्याआधीच व्हायला हवे.

गच्चीची परीक्षा मात्र पावसाची वाट न पाहता करता येते. पाणी जायची भोके बंद करून चोवीस तास पाणी साचवून ठेवावे आणि खालून छत पाहावे. आम्ही एवढे केले असते तर पीओपी वाचले असते. कोबा केलाच तर त्यावर आठवडाभर पाणी ठेवावे, आणि नवा गिलावा महिनाभर सुकल्याशिवाय रंग देऊ नये. रंगारी घाई करतो, कारण त्याला पुढचे काम धरायचे असते.

आता पैशाच्या वेळेबद्दल. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येते, म्हणून आपला हंगाम सरकत राहतो. २०१६ साली एप्रिल-मे म्हणजे भांडवल मालात घालायचे दिवस होते. २०२५ ची ईद मार्चअखेर झाली आणि ती अजून मागे येते आहे. २०३० साली तर रमजान दोनदा, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर, सुरू होईल. म्हणजे येत्या काही वर्षांत ईदची वसुली गल्ल्यात येते तेव्हा समोर कोरडा उन्हाळा असतो. मोठे काम काढायला कापडवाल्याला याहून चांगली वेळ नाही. मात्र यूपी-बिहारचे कारागीर ईदला, बकरी ईदला गावी जातात आणि महिनाभर परतत नाहीत, हे हिशेबात धरून काम अंगावर द्यावे. दिवाळीपूर्वी रंगारी मिळत नाही आणि मिळाला तर भाव वाढवून मागतो. शिंपीकाम, जरीकाम करणाऱ्या भावांनी आपापला हंगाम असाच मांडून पाहावा.

बिले पक्की घ्यावीत. वाढीव खोली, नवा जिना अशा सुधारणेचा खर्च पुढे घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात धरता येतो, पण कागद असेल तरच. वाढीव बांधकामाला महापालिकेची परवानगीही लागते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुने अंदाजपत्रक कोणी पुढे केले तर ते नव्याने करून मागावे.

राहिली शोभेची कामे: फर्निचर, किचनचा ओटा, रंगीत लाद्या. ती घरात एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर करावीत. आमच्याकडे ओट्यापुरते पैसे उरले नव्हते, म्हणून तो दोन वर्षे तसाच राहिला. तेवढ्यात घरच्यांच्या लक्षात आले की दुपारनंतर दाराजवळ धूर कोंडतो, ओटा खिडकीखाली हवा. आधी केला असता तर दाराजवळच केला असता. सुताराला तशी बयाणा रक्कम द्यायचेही ठरले होते.