दसऱ्याचा पाहुणा

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो मूळचा मेक्सिकोचा हे सांगितलं तर आजी रागावेल. तिथले ॲझ्टेक लोक तो औषधात आणि पूजेत वापरत; सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो जगभर निघाला. इंग्रजांनी तर त्याला ‘आफ्रिकन’ ठरवलं!

तोरण ओवताना एक झेंडू कुस्करून पाहा. प्रत्येक पाकळीच्या खालच्या टोकाला काळी काडी दिसेल. ते बी. म्हणजे ज्याला आपण पाकळी म्हणतो, ते स्वतंत्र फूल आहे आणि झेंडू हा फुलांचा अख्खा मेळावा. रानटी झेंडूत अशा पाकळ्या फक्त कडेला असतात, मध्ये नळीसारखी बारीक फुलं. माणसाने भरगच्च फुलांचंच बी राखत नेलं, आणि नळ्यांच्या जागीही पाकळ्या आल्या. पण पराग असतात त्या नळ्यांतच! त्यामुळे पूर्ण भरलेल्या फुलाला पराग जवळजवळ नसतात.

मोठ्या झेंडूत 24 गुणसूत्रं, मखमल नावाच्या बुटक्या झेंडूत 48. दोघांच्या संकरातून येणारी जात 36 ची; गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून वांझ. बी धरायचं नसल्याने ती बिचारी फुलतच राहते.

पांढरा झेंडू फुलवून दाखवणाऱ्यासाठी अमेरिकेतल्या बर्पी बियाणे कंपनीने 1954 मध्ये 10,000 डॉलरचं बक्षीस लावलं. ते 1975 मध्ये जिंकलं आयोवातल्या ॲलिस व्हॉन्क या हौशी बागकाम करणाऱ्या बाईंनी. आपल्या बाजारात मात्र अजून बहुतेक भगवा आणि पिवळाच.