पूर्णगड : खाडीच्या तोंडावरचं गाव

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेला साधारण २५ किलोमीटर गेलं की पूर्णगड लागतं. लांजा तालुक्यात माचाळजवळ उगम पावणारी मुचकुंदी नदी इथे अरबी समुद्राला मिळते. उत्तर तीरावर रत्नागिरी तालुक्यातलं पूर्णगड, पलीकडे गावखडी. मध्ये खाडी आणि तिच्यावरचा पूल.

वर जांभ्याचा सडा, उताराला आंबा-काजू, खाली होड्या. सपाट जमीन थोडीच, त्यामुळे घरं डोंगरउतार आणि खाडीकाठ धरून बसलेली. टेकडीवरचा किल्ला लहानसाच, पण खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत त्याच्या नजरेच्या टप्प्यात येई.

लोकसंख्येची गोष्ट मात्र सगळ्या जिल्ह्याची. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती. २०११ मध्ये १६,१५,०६९. दहा वर्षांत ८१ हजारांहून अधिक घट! दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२, राज्यात सर्वाधिक. कारण कमावते हात मुंबईला जातात आणि गावाचा गाडा बायका नि म्हातारी माणसं ओढतात. गणपतीला, शिमग्याला घरं पुन्हा भरतात.

किल्ला पाहायला जाल तेव्हा गावातही हिंडा. चढणीवर भेटणाऱ्या आजींशी दोन शब्द नक्की बोला.

#पूर्णगड #मुचकुंदी #कोकण