पांढऱ्या कोटातला रॉक

ॲबी रोड म्हटलं की रस्ता ओलांडणारे चार बीटल्स आठवतात. तो फोटो ८ ऑगस्ट १९६९चा. छायाचित्रकार इयन मॅकमिलन शिडीवर चढलेला, पोलिसाने वाहतूक थोपवलेली. दहाएक मिनिटांत सगळं आटोपलं. या फोटोने रस्त्याला अमर केलं, पण शेजारच्या इमारतीवर अन्यायच केला. खरी गंमत आत होती, आणि ती कचेरीची गंमत होती.

लंडनच्या सेंट जॉन्स वुडमधला हा जुना बंगला ग्रामोफोन कंपनीने १९२९ साली घेतला आणि मागच्या बागेत स्टुडिओ बांधले. नोव्हेंबर १९३१मध्ये एडवर्ड एल्गार यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेऊन स्टुडिओचं उद्घाटन केलं. पुढे बरीच वर्षं तिथे मान होता तो अभिजात संगीताला. तंत्रज्ञ पांढऱ्या कोटात, सामान हलवणारे तपकिरी कोटात. रेकॉर्डिंग दहा ते एक, अडीच ते साडेपाच, सात ते दहा. मध्ये जेवणाची सुट्टी. आपल्याकडचं एखादं सरकारी खातंच म्हणा ना!

या खात्यात १९५८ साली क्लिफ रिचर्ड ‘मूव्ह इट’ गाऊन गेला. मग बीटल्स आले. ११ फेब्रुवारी १९६३ला त्यांनी एका दिवसात दहा गाणी उरकली. बीटल्समधल्या जॉन लेननला सर्दी झालेली. घसा फाडणारं ‘ट्विस्ट अँड शाउट’ म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलं.

तीन वर्षांनी मात्र खात्याची शिस्त आणि पोरांचा हट्ट यांची खरी जुंपली. ड्रमपासून माइक किती दूर ठेवायचा, याचाही नियम होता. स्टुडिओतला विशीतला तंत्रज्ञ जेफ एमरिक याने तो माइक बेस ड्रमला जवळजवळ चिकटवला आणि ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला. त्यासाठी वरून लेखी परवानगी आणावी लागली, तीही फक्त बीटल्सपुरती! लेननला एकच ओळ दोनदा गायचा कंटाळा, म्हणून तिथल्याच केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने दुसरं टेप मशीन जोडून तोच आवाज किंचित उशिरा ऐकू येईल अशी सोय केली. एकाच गळ्याचे दोन गळे झाले. हा पांढऱ्या कोटातला माणूस रॉकचा कोणी शत्रू नव्हता. मला तर तो बँडमधला पाचवा गडी वाटतो.

हा स्टुडिओ बांधणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचा एक धागा मुंबईत येतो. जानेवारी १९६८मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन फोर्टमधल्या तिच्या एचएमव्ही स्टुडिओत आला. कंपनीचे इथले अधिकारी भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून स्टिरिओ मशीन आणवलं. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीत तिथे भारतीय वादकांनी वाजवलं आणि हॅरिसनने त्यावर आपला आवाज चढवला तो फेब्रुवारीत, ॲबी रोडला. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीचे प्रमुख झाले. पिंक फ्लॉइडने ॲबी रोडला १९७२-७३मध्ये केलेलं ‘द डार्क साइड ऑफ द मून’ त्यांनी अमेरिकेत हिरिरीने खपवलं. त्या रेकॉर्डमध्ये बोलताना ऐकू येणाऱ्यांत एक आवाज स्टुडिओच्या दरवानाचाही आहे. कचेरीतला शिपाईसुद्धा रेकॉर्डवर चढला म्हणायचा.

२०१०मध्ये इमारत आणि तो रस्त्यावरचा झेब्रा पट्टा, दोन्हींना संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. स्टुडिओबाहेरच्या भिंतीवर चाहते नावं खरडतात. स्टुडिओवाले थोड्या थोड्या दिवसांनी ती पांढऱ्या रंगाने पुसतात, आणि रंग वाळायच्या आत कोणीतरी पेन काढतोच.