पितळ चकचकीत झाले, पण धुवणाचे काय?

आमच्या दवाखान्यात दर महिन्याला रक्तदाब तपासून घ्यायला एक निवृत्त सुभेदार येतात. शिस्तीचा माणूस. गोळ्या वेळेवर, जेवणात मीठ बेताचे. परवा तपासणी झाली तरी ते खुर्चीवरून उठेनात. म्हणाले, "डाक्टरसाहेब, माझं राहू द्या. पुतण्याचं एक विचारायचं हाय."

पुतण्या अमेरिकेत टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिथे त्याला नेमबाजीचा छंद लागला. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुऊन लख्ख करायच्या आणि त्यांत नवी टोपी, दारू व गोळी बसवून त्या पुन्हा वापरायच्या, असा तो प्रकार. तिकडचा कायदा त्याला मुभा देतो. आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. सुभेदारांची काळजी मात्र कायद्याची नव्हती. पुतण्या ही धुलाई स्वयंपाकघरातल्या मोरीत करतो, भाजीची चाळणी त्यासाठी वापरतो आणि त्याच्या बायकोला पाचवा महिना आहे. "आम्ही फौजेत पुंगळ्या मोजून जमा करत होतो, धूत नव्हतो. यात काही वंगाळ तं नाही ना?" असा त्यांचा प्रश्न.

प्रश्न दूरदेशीचा असला तरी पितळ घासणे आपल्या घरोघरी चालते. म्हणून हा विषय आज वाचकांपुढे मांडत आहे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. हवा, ओल आणि हाताचा घाम लागून त्यावर काळपट थर चढतो. चिंचेतले किंवा लिंबातले आम्ल हा थर विरघळवते, म्हणून आपली आजी देवाचा तांब्या चिंचेने घासते. पुतण्याचे शास्त्र तेच आहे, फक्त हाताऐवजी यंत्र आहे. विजेवर फिरणाऱ्या लहानशा पिंपात पुंगळ्या, पाणी, बारीक सुईसारखे पोलादी तुकडे, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि चिमूटभर लिंबूफूल घालतात. पिंप दोन-तीन तास गरगर फिरते. पोलादी तुकडे आतून-बाहेरून काजळी खरवडतात, साबण तेलकटपणा काढतो, लिंबूफूल काळपटपणा काढते. मग स्वच्छ पाण्याने खळबळून पुंगळ्या वाळवतात.

आम्ल जास्त झाले किंवा फार वेळ राहिले तर पितळेतले जस्त निघून जाते आणि पृष्ठभाग तांबूस दिसू लागतो. आपल्याकडे रात्रभर चिंच लावून ठेवलेल्या भांड्यावर गुलाबी डाग पडतात, त्याचे कारण हेच. अमोनियापासून तर पितळ दूरच ठेवावे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवली जात. त्या पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण यांमुळे हे घडते, असा उलगडा शास्त्रज्ञांनी 1921 मध्ये केला. ठोकून घडवलेली पितळी भांडी गोठ्याशेजारच्या खोलीत वर्षानुवर्षे ठेवू नयेत, हा धडा आपणही त्यातून घ्यावा.

आता आरोग्याचा मुद्दा. तांब्यावरचा काळपटपणा आणि पुंगळीतली काजळी यांत मोठा फरक आहे. काडतुसाच्या टोपीत ठिणगी पाडणारे जे मिश्रण असते, त्यात बहुधा शिशाचे संयुग असते. गोळीही पुष्कळदा शिशाचीच. बार उडाला की शिशाचा सूक्ष्म अंश काजळीबरोबर पुंगळीत बसतो. पूर्वी या पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या बुरकुंडाच्या कोरड्या भुशात घालून हलवीत, आणि ही पद्धत अजूनही आहे. त्यात शिसे धुळीवाटे उडून श्वासात जाते. पाण्यात धुतल्याने धूळ उडत नाही, हा मोठाच फायदा. पण शिसे नाहीसे होत नाही. ते त्या काळ्या धुवणात उतरते. ते धुवण मोरीत ओतले की मोरी, चाळणी, हात, टॉवेल असा त्याचा प्रवास सुरू होतो.

शिशाचा शरीराला काडीचा उपयोग नाही. ते रक्तातून हाडांत जाऊन वर्षानुवर्षे साठते. गरोदरपणी आईच्या रक्तातले शिसे वारेतून गर्भापर्यंत पोचते. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, कमी वजनाचे मूल यांचा धोका त्याने वाढतो. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेतात आणि त्यांच्या वाढत्या मेंदूचे त्याने नुकसान होते. शिशाची निर्धोक म्हणावी अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवातीला कोणतेही लक्षण दिसत नाही, म्हणून रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही.

मी सुभेदारांना कागदावर लिहून दिले ते असे. धुलाई ताबडतोब घराबाहेर किंवा गॅरेजमध्ये न्यावी. मोरी आणि ओटा साबणाने धुऊन काढावा. चाळणी व पातेली पुन्हा स्वयंपाकघरात आणू नयेत. हातमोजे वापरावेत, काम करताना काही खाऊ-पिऊ नये, नंतर हात साबणाने नीट धुवावेत. ते कपडे वेगळे धुवावेत. धुवण गटारात किंवा झाडांना न घालता साठवून तिथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावे. सूनबाईने त्या कामाकडे फिरकू नये आणि आपल्या डॉक्टरांना सांगून रक्तातले शिसे तपासून घ्यावे. आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असावे, कारण ते कमी पडले की शरीर शिसे अधिक ओढून घेते.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या पितळी भांड्यांत ही काजळी नसते, पण तांबे असते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, कढी, चिंचेचे सार किंवा लोणचे ठेवले की ते कळकते. हिरवट जंगाल धरते, तोंडाला धातूची चव लागते आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात. लग्नाच्या पंगतीत पितळी घागरीतला मठ्ठा पिऊन आजारी पडलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. अशा वेळी घशात बोटे घालून आणखी उलट्या काढू नयेत. रुग्णाला दवाखान्यात न्यावे आणि उरलेला पदार्थ फेकून द्यावा.

त्याहून गंभीर गोष्ट तान्ह्या बाळांची. लहान मुलांचे यकृत कडक होऊन त्यांचा जीव घेणारा एक रोग आपल्या देशात होता. अशा मुलांच्या यकृतात तांबे फार साठलेले आढळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनचे डॉ. टॅनर यांच्यासह अभ्यास करून 1983 मध्ये दाखवून दिले, की या बाळांना लवकर वरचे दूध सुरू केलेले असे आणि ते पितळी भांड्यांत तापवून ठेवलेले असे. पुढे घरोघरी पितळेची जागा स्टीलने घेतली आणि हा रोग दुर्मिळ झाला. बाळाचे दूध पितळेत किंवा तांब्यात तापवू नये, हा नियम आजही पाळावा.

पितळेत स्वयंपाक करायचा तर कल्हई हवीच. नवसागर टाकून तापलेल्या भांड्यावर कथलाचा पातळ थर चढवतात आणि आंबट पदार्थ पितळेपर्यंत पोचत नाही. आत पिवळे दिसू लागले की पुन्हा कल्हई करावी. कल्हईवाल्याकडे शुद्ध कथलाचा आग्रह धरावा, कारण कथलात शिशाची भेसळ असेल तर रक्षण करणारा थरच विषारी ठरतो. नवसागराचा धूर निघतो तेव्हा मुलांना लांब ठेवावे. कल्हईचा भाग राखेने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नये. चिंच लावलेले भांडे भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसावे. आणि भंगारात सापडलेली पुंगळी मुलांच्या हाती खेळायला देऊ नये.

सुभेदारांनी त्याच संध्याकाळी पुतण्याला फोन केला. पिंप गॅरेजमध्ये गेले, चाळणी कचऱ्यात गेली. सूनबाईच्या रक्ताचा अहवाल यायचा आहे. "पोरगं म्हणते, काका, एवढं लख्ख दिसत होतं, मला वाटलं साफ झालं," सुभेदार सांगत होते. चकाकी डोळ्यांना दिसते, धुवणातले शिसे दिसत नाही. म्हणून घासलेल्या भांड्याइतकेच त्या पाण्याकडेही लक्ष ठेवावे.