डाव कळायच्या आत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावात मराठ्यांचे सरसेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. माघार घेतल्याचं भासवायचं आणि शत्रू पाठलागात पांगला की उलटून पडायचं, हे ज्या मराठा फौजांचं हत्यार होतं, त्यांचा हा सेनानी 1708 साली गेला. कोल्हापूरच्या तालमींत तीच विद्या आजही मुरवली जाते, फक्त रणांगण हातभर अंतराचं.

समोरच्याची हालचाल दिसल्यापासून आपलं अंग हलेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. कितीही मेहनत करा, ही फट पुरती बुजत नाही. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1952 साली दाखवून दिलं, की समोर शक्यता जितक्या जास्त, तितका हा उशीर वाढतो. आणि याहून नवल म्हणजे, एका इशाऱ्याला उत्तर द्यायला मेंदू निघाला की लगोलग आलेला दुसरा इशारा खोळंबतो. हूल जगते ती या खोळंब्यावर.

मातीत ते असं दिसतं. मल्ल धोबीपछाडसाठी हात ओढून पाठ वळवू लागतो. खांद्यावरून फेकले जाऊ या धास्तीने समोरचा कंबर मागे घेतो, वजन टाचांवर जातं. त्याच क्षणी पहिला खाली शिरून पाय धरतो, पट काढतो. ज्याने बचाव अगदी बरोबर केला तो, बचाव केला म्हणूनच, पडला! पण त्यासाठी ती धोबीपछाड खरी हवी. ज्याच्या धोबीपछाडने कुणाची पाठ कधी लागली नाही, त्याच्या हुलीला कोण बधणार?

म्हणून डावांची संख्या वाढवणं हा उपाय मला अपुरा वाटतो. एकाच पकडीतून निघणाऱ्या वाटा वाढवाव्यात. मल्ल खाशाबा जाधवांचा ढाक हा आवडता डाव प्रसिद्ध होता, तरी 1952 सालीच हेलसिंकीत त्यांनी ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. डाव माहीत असणं वेगळं, तो कधी पडणार हे माहीत असणं वेगळं.

हा अंदाज चुकवायला गेलं, की आपलाच मेंदू आडवा येतो. नाणेफेकीचे निकाल मनाने लिहायला सांगितले, तर माणसं छापा-काट्याची फारच अदलाबदल करतात. खरं नाणं सलग पाच छापेही देतं. दोनदा पटाला गेलेला मल्ल तिसऱ्यांदा काहीतरी वेगळं करणार, हे मुरलेला गडी हेरतो. तिथे तिसऱ्यांदाही पटालाच जाणं हीच चकवणूक.

आणि खोडी असतातच. पटाला शिरण्याआधी कुणाचा खांदा झुकतो, कुणाचा श्वास अडतो. स्वतःला ते कळत नाही, रोजच्या जोडीदाराला मात्र पाठ झालेलं असतं. लढत संपली, अंगावरची माती झटकली, की त्यालाच विचारावं.